शेजारी म्हणजे शेजारचा नव्हे

एल्व्हडालच्या पोस्टात आर्डिस टोलेफ्स्रुड एकोणतीस वर्षं खिडकीवर बसली आणि तेवढ्या वर्षांत तिने कुणाचंही पत्र फोडलं नाही. फोडायची गरजच पडली नाही. पाकीट हातात घ्यायचं, पाठवणाऱ्याचा पत्ता बघायचा, घेणाऱ्याचं तोंड बघायचं, की आतला मजकूर तिला आपोआप कळायचा. ती निवृत्त झाली तेव्हा गावाला वाटलं, चला, आता बाई घरी बसून विणकाम करतील. पण देव दयाळू आहे. पोस्टाची खिडकी सुटली आणि त्याच महिन्यात बेथेल लुथेरन चर्चची प्रार्थनेची साखळी आर्डिसच्या हाती आली.

ही साखळी टेलिफोनची. कुणी आजारी पडलं, कुणाचं ऑपरेशन निघालं, कुणाचा मुलगा लष्करात गेला, की आधी आर्डिसला फोन. आर्डिस तो निरोप लाव्हॉन बाकेडालला देणार, लाव्हॉन पुढच्या बाईला, ती तिच्या पुढच्या बाईला. असा बावीस घरं फिरून निरोप शेवटी मार्डेल रूस्टकडे पोचला, की मार्डेल आर्डिसला उलट फोन करून सांगणार, "मिळालं गं, प्रार्थना चालू आहे." नव्या आलेल्या पास्टर एरिका एकदा म्हणाल्या होत्या, "मोबाइलवर सगळ्यांना एकाच वेळी निरोप जाईल अशी सोय करून देऊ का?" त्यावर आर्डिस म्हणाली, "हे जरा वेगळंच आहे." आमच्या मिनेसोटात एखादी गोष्ट "वाईट नाही" म्हटली की ती उत्तम समजायची, आणि "वेगळी" म्हटली की तिथेच तिला मूठमाती द्यायची. पास्टर जेमतेम चौतिशीच्या होत्या, पण हुशार होत्या. पुन्हा त्यांनी मोबाइलचं नाव काढलं नाही.

साखळीचे नियम आर्डिसने स्वतः टाइप करून प्रत्येकीच्या फ्रिजवर चिकटवायला दिले होते. निरोप लिहून घ्यावा. आपल्या पदरचं काही घालू नये. चहाडी करू नये. हा शेवटचा नियम खरं तर उगाचच होता, कारण चहाडी आमच्याकडे कुणी करतच नाही. आम्ही प्रार्थनेसाठी माहिती गोळा करतो. अमक्याची सून परत माहेरी गेली का, तमक्याचं यकृत कशाने बिघडलं, हे नीट ठाऊक असल्याशिवाय देवाकडे मागायचं तरी काय?

पण आर्डिस वाईट बाई होती असं कुणी समजू नये. चर्चच्या तळघरात दर गुरुवारी बायका जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवतात आणि त्या गठ्ठे बांधून दूरदेशी पाठवतात. त्यात आर्डिसचा हात धरणारी कुणी नव्हती. मादागास्करमधल्या एका गावात तिच्या हातच्या गोधड्या पांघरून अख्खी शाळा झोपत असे, आणि तिथून आलेलं आभाराचं पत्र तिने दिवाणखान्यात काचेत लावलं होतं. तिथे पूर आला की तिचा जीव वरखाली होई. टांझानियात दुष्काळ पडला की ती आठवडाभर साखर सोडी. नकाशावर माणूस जितका लांब, तितकी तिची माया दाट. मिनेसोटाच्या हद्दीपाशी येईतो ती माया जरा पातळ व्हायची, आणि तिच्या स्वतःच्या अंगणाच्या कडेला येऊन साफ आटायची.

त्या कडेपलीकडे ऑरिन स्कारचं घर होतं.

ऑरिन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा, सोबतीला एक लठ्ठ पिवळं मांजर. आर्डिसचा नवरा क्लेटन होता तेव्हापासून दोन्ही घरांत येणंजाणं होतं. ऑरिनची बायको जॉयस रोज दहाच्या कॉफीला आर्डिसच्या स्वयंपाकघरात असायची. नऊ वर्षांपूर्वी अशीच एकदा कॉफी पिता पिता जॉयस रडली. म्हणाली, "ऑरिनशी माझं जमत नाही गं. मनात येतं, काही दिवस डुलुथला बहिणीकडे जाऊन राहावं. कुणाला बोलू नकोस हं." आर्डिस कुणाला बोलली नाही. तिने फक्त साखळीवर घातलं: "जॉयस आणि ऑरिन यांच्या संसारासाठी प्रार्थना करा. गुप्त आहे."

दुसऱ्या दिवशी ऑरिन धान्याच्या कोठारावर मका घालायला गेला, तर तिथल्या माणसाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "घट्ट राहा, ऑरिन. आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत." ऑरिन म्हणाला, "कशासाठी?" त्या माणसाने आधी टोपी काढली, मग परत घातली, आणि मग त्याला सगळं सांगितलं. बायको आपल्याला सोडून जायच्या विचारात आहे, हे ऑरिनला असं रांगेत उभं राहून, ट्रॅक्टर चालू असताना कळलं. जॉयसही बिचारी पेचात सापडली. अख्खं गाव आपल्यासाठी गुडघे टेकून बसलंय म्हटल्यावर न जाऊन कसं चालेल? ती गेली ती गेलीच.

त्या संध्याकाळी ऑरिन आर्डिसच्या दारात येऊन उभा राहिला. "माझ्यासाठी पुन्हा कधी प्रार्थना करू नकोस," एवढं बोलला आणि वळून गेला. त्यानंतर तो चर्चला आला नाही, आर्डिसशी बोलला नाही. आमच्याकडे हाडवैर असलं तरी गाडी समोरून आली की माणूस स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलतो. ऑरिनने तीही उचलायची सोडली. आर्डिसच्या हे फार जिव्हारी लागलं. चांगलं चिंतलं, आणि हे फळ? माफी मागायचा प्रश्नच नव्हता. प्रार्थना केल्याबद्दल कुणी माफी मागितल्याचं ऐकलंय का? आधी त्याने बोलावं, मग बघू, असं तिने ठरवलं आणि नऊ हिवाळे तसेच घालवले.

मात्र एक होतं. आर्डिसचं भांडी घासायचं मोरीचं कुंड खिडकीखाली होतं, आणि त्या खिडकीतून ऑरिनच्या स्वयंपाकघराची खिडकी समोरासमोर दिसायची. रोज सकाळी पावणेसातला ऑरिन आपला पडदा वर ओढायचा. आर्डिस कपातला फेस धूत म्हणायची, "उठला वाटतं म्हातारा." यात पाळत वगैरे काही नव्हती. भांडी तर घासायलाच लागतात, आणि घासताना डोळे मिटून घ्यायचे म्हणजे कप फुटायचे.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पास्टर एरिकांनी उपदेशाला वाटमारीत सापडलेल्या माणसाची गोष्ट घेतली. चोरांनी लुटून तो रस्त्याच्या कडेला अर्धमेला टाकलेला, देवळातली मोठी माणसं अंग चोरून पलीकडून निघून जातात, आणि ज्यांच्या हातचं पाणीसुद्धा प्यायचं नाही अशा परक्या जातीतला एक जण थांबतो, त्याला उचलतो, जखमा बांधतो. गोष्ट सगळ्यांना पाठ होती, त्यामुळे सगळे निवांत होते. पण शेवटी पास्टर म्हणाल्या, "शेजाऱ्यावर प्रीती करा हे आपण दर वर्षी ऐकतो. या आठवड्यात फार काही करू नका. प्रत्येकाने एकाच शेजाऱ्याचं दार वाजवा."

तळघरात कॉफीच्या वेळी बायकांत चांगलीच खळबळ उडाली.

"दार वाजवायचं?" लाव्हॉन म्हणाली. "आधी फोन न करता?"

"आणि दार उघडलं म्हणजे?" दुसरी म्हणाली. "पुढे बोलायचं काय?"

आर्डिसने लिंबाच्या वड्यांचं ताट खाली ठेवलं. "तुम्ही उगाच घाबरताय," ती म्हणाली. "गोष्ट नीट ऐका. शेजारी कोण, असं येशूला विचारलं तेव्हा तो काय म्हणाला? बाजूच्या घरात राहतो तो, असं म्हणाला का? छे. रस्त्यात पडलेला, ओळख ना पाळख, तो शेजारी. म्हणजे शेजारी म्हणजे शेजारचा नव्हेच मुळी. शेजारच्यावर प्रेम करण्यात मोठंसं काय आहे? ते कुणीही करतं."

बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. एवढी वर्षं गोष्ट ऐकली, पण असा उलगडा कुणी केला नव्हता.

"आणि जो तेही करत नाही तो?" मागून पास्टरांचा आवाज आला. त्यांच्या हातात अर्धी वडी होती.

"कॉफी घालू ना अजून, पास्टर?" आर्डिस म्हणाली. आमच्याकडे बोलणं आडवळणाला लागलं की कपात कॉफी पडते. पास्टरांचा कप काठोकाठ भरला.

सोमवारी दुपारी बर्फ पडून गेला. मंगळवारी पावणेसातला आर्डिस कुंडाशी उभी राहिली, तर समोरचा पडदा खाली होता. सात वाजले, पडदा खालीच. साडेआठला तिने उगाचच तीच बशी दुसऱ्यांदा घासली. "लोळतोय म्हातारा," ती स्वतःशी म्हणाली, आणि दुसऱ्याचा आळस उघड्या डोळ्यांनी पाहायला मिळाल्याचं समाधान तिला दुपारपर्यंत पुरलं. दुपारी ते संपलं. ऑरिनच्या पायरीपासून रस्त्यापर्यंत सोमवारचा बर्फ जसाच्या तसा पडून होता. त्यावर बुटाचा ठसा नव्हता, चाकाची रेघ नव्हती. गाडी आपल्या जागी उभी. म्हणजे माणूस घरात आहे, आणि घरातून बाहेर आलेला नाही.

बुधवारी सकाळी पडदा तसाच होता. फक्त पडदा आणि काच यांच्या फटीत ते पिवळं मांजर येऊन बसलं होतं आणि थेट आर्डिसकडे बघत होतं.

 काहीतरी झालंय हे आता आर्डिसला कळलं, अगदी स्वच्छ कळलं. मधे अंगण फक्त तीस पावलांचं. पण ती तीस पावलं चालून दार वाजवायचं म्हणजे नऊ वर्षांनी आधी बोलायचं, आणि आत म्हातारा धडधाकट सोफ्यावर पाय पसरून बसलेला निघाला तर? "आलीस का शेवटी?" असं तो म्हणणार, आणि मग मरेपर्यंत तोंड दाखवायला जागा नाही. आर्डिसने हात पुसले आणि लहानपणापासून शिकलेलं सर्वांत पवित्र काम केलं. तिने फोन उचलला.

पण लाव्हॉनचा "हॅलो" कानावर पडताच दुसरी पंचाईत उभी राहिली. सांगायचं काय? पडदा दोन दिवस खाली आहे म्हणावं, तर रोज पडदा बघते हे बाहेर येणार, आणि पुढचा प्रश्न ठरलेला: मग तू जाऊन का नाही बघितलंस? आर्डिसने घसा साफ केला. "लाव्हॉन, लिहून घे. ऑरिन स्कारसाठी प्रार्थना करा. फार गरज आहे. कारण सांगता येत नाही."

"न सांगितलेली विनंती का?" लाव्हॉनने आवाज खाली आणला.

"न सांगितलेलीच."

न सांगितलेली विनंती हा आमच्या साखळीतला सर्वांत जपून वापरायचा प्रकार. कारण देवाला ठाऊक असतं, माणसाने विचारायचं नसतं. आता बावीस बायकांना एक माणूस द्यायचा, त्याची गरज द्यायची, आणि मधली जागा कोरी ठेवायची, म्हणजे काय होणार? चहाडी कुणी केली नाही. प्रत्येकीने आपापल्या परीने ती जागा थोडी थोडी भरली, इतकंच. लाव्हॉनला "सांगता येत नाही" म्हणजे मूत्राशय वाटलं. तिच्या पुढचीला वाटलं, नुसत्या मूत्राशयासाठी आर्डिस एवढी गंभीर होणार नाही, तेव्हा गाठ असणार. दहाव्या घरी डॉक्टरांनी हात टेकले. पंधराव्या घरी मुलांना बोलावून घ्यायचं ठरलं. ऑरिनला मूलबाळ नाही हे आठवल्यावर त्या घरच्या बाईला आणखीच भरून आलं.

दुपारी तीनला मार्डेलचा फोन आला. "मिळालं गं," ती नाक ओढत म्हणाली. "सुटला बिचारा. दफन कधी आहे?"

 एक क्षण आर्डिसला खरंच वाटलं, कुणी आत जाऊन बघून आलं असेल. तिने खिडकीतून पाहिलं. बर्फावर अजून एकही ठसा नव्हता. बावीस घरांनी ऑरिनला हृदयाशी धरलं होतं, आणि एकाही माणसाचं पाऊल त्याच्या दारापर्यंत पोचलं नव्हतं.

"मार्डेल, कोण म्हणालं असं?"

"तूच ना! साखळी तुझ्याकडूनच निघाली."

 नाही म्हणायचं तर खरं काय ते सांगावं लागणार. आर्डिस म्हणाली, "बघते मी," आणि फोन ठेवला. पण ती बघायला गेली नाही, कारण तेवढ्यात मागचं दार वाजलं.

दारात लाव्हॉन उभी होती, हातात गरमागरम हॉटडिशचं, म्हणजे मांस, भात नाहीतर बटाटे एकत्र भाजून केलेल्या जेवणाचं भांडं, त्याच्या तळाला तिच्या नावाची चिकटपट्टी. एल्व्हडालमध्ये कुणी गेलं की चोवीस तासांच्या आत घरच्यांच्या टेबलावर हॉटडिश पोचतं. ते नसेल तर माणूस गेला असं आम्ही धरतच नाही. ऑरिनला घरचं कुणी नव्हतं. मग सांत्वन करायचं कुणाचं? सर्वांत जवळ राहणाऱ्याचं. संध्याकाळपर्यंत आर्डिसच्या ओट्यावर सात हॉटडिशं, दोन थरथरत्या लाल जेल्या आणि हॅमच्या पावांचा डोंगर जमला.

"तुझा चाळीस वर्षांचा शेजार, आर्डिस," लाव्हॉनने तिचा हात हातात घेतला. "तुलाच सर्वांत जास्त जाणवणार."

"किती भला माणूस होता," दुसरी म्हणाली. हिनेच गेल्या उन्हाळ्यात ऑरिनच्या न कापलेल्या गवताबद्दल नगरपालिकेला पत्र लिहिलं होतं.

"फार बोलायचा नाही, पण मनाने सोनं."

"चर्चला येत नसला तरी श्रद्धा होती हो आत कुठेतरी."

सगळ्या जणी कुंडापाशी उभ्या राहून समोरच्या खाली पडलेल्या पडद्याकडे बघत राहिल्या. कुणीतरी डोळे टिपले. आणि आर्डिस? सांगायला लाज वाटते, पण आर्डिसला बरं वाटत होतं. नऊ वर्षांत ऑरिनच्या नावाने कुणी तिच्याशी गोड बोललं नव्हतं. मेलेल्या ऑरिनशी तिचं चटकन जमलं. तो भांडत नव्हता, दारात येऊन उभा राहत नव्हता, आणि त्याच्यावर प्रेम करायला आपल्या ओट्याजवळून हलावंही लागत नव्हतं. लाव्हॉनने वाढलेलं चिकन-भाताचं हॉटडिश तिने दोनदा घेतलं. तिसऱ्यांदा मात्र तिने ताट खाली ठेवलं, कारण पडद्याच्या फटीत मांजर पुन्हा येऊन बसलं होतं आणि तोंड उघडून ओरडत होतं. काचेतून आवाज येत नव्हता. बाकीच्या कुणाचं तिकडे लक्ष गेलं नाही.

गुरुवारी सकाळी साडेसातला पास्टर एरिकांचा फोन आला. त्या आदल्या दिवसापासून चाळीस मैलांवरच्या इस्पितळात एका बाळंतिणीजवळ होत्या आणि तिकडचा रस्ता बर्फाने बंद झाला होता.

"आर्डिस, ऑरिनचं ऐकलं. मी दफनाची व्यवस्था बघणाऱ्या सेल्मरला फोन केला, तर तो म्हणतो त्याच्याकडे कुणी आलेलंच नाही. ऑरिन आहे तरी कुठे?"

आर्डिसने समोरच्या पडद्याकडे पाहिलं. सेल्मर नेसला कळल्याशिवाय आमच्याकडे कुणी मरत नाही, हे तिलाही ठाऊक होतं.

"त्याला शेवटचं पाहिलं कुणी?" पास्टरांनी विचारलं. "मी लाव्हॉनला विचारलं, ती म्हणते तुम्हाला माहीत आहे. आर्डिस? तुम्ही बाजूलाच राहता ना? प्लीज, जाऊन दार वाजवा. आत्ता."

"मी?" आर्डिस म्हणाली. "पास्टर, आमचं नऊ वर्षं..."

"मला माहीत आहे तुमचं नऊ वर्षं काय आहे. जा."

पास्टर अशा कधी बोलत नसत. आर्डिसने कोट चढवला, बूट घातले, आणि दारापर्यंत जाऊन परत फिरली. रिकाम्या हाताने कुणाकडे जायचं नसतं. तिने ओट्यावरून एक हॉटडिश उचललं आणि त्या तीस पावलांच्या बर्फात पहिलं पाऊल घातलं. बर्फ गुडघ्याला लागत होता. अर्ध्या वाटेत तिला रडू फुटलं. आत मेलेला असेल तर आपण मारला, आणि जिवंत असेल तर त्याच्या तोंडाकडे बघायचं कसं, या दोन्हीचं रडू एकदमच आलं. या वेळी ती खरीच प्रार्थना करत होती. त्यात शब्द एकच होता, नको, नको, नको.

दार वाजवायला तिने हात लावला, तर ते उघडंच होतं. एल्व्हडालमध्ये दाराला कुलूप कोण लावतं? मंगळवारीही उघडंच होतं, बुधवारीही.

"दार लाव," आतून खरखरीत आवाज आला. "ऊब बाहेर चाललीय."

ऑरिन स्वयंपाकघराच्या फरशीवर खिडकीखाली पडला होता. एक पाय भलत्याच बाजूला वळलेला. अंगावर टेबलावरून ओढून घेतलेलं कापड होतं. ओठ फुटले होते, चेहरा राखेसारखा झाला होता. भिंतीवरचा फोन त्याच्या हातापासून दीड हात उंच राहिला होता. शेजारी मांजराची पाण्याची वाटी कोरडी पडली होती.

आर्डिसने हॉटडिश खाली ठेवलं की टाकलं, तिला कळलं नाही. तिने फोन करून अँब्युलन्स मागवली, आपला कोट काढून त्याच्यावर घातला, आणि फरशीवर बसून चमच्या-चमच्याने त्याच्या तोंडात पाणी घालू लागली. एकाहत्तर वर्षांच्या गुडघ्यांनी फरशीवर बसायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच ठाऊक.

"पडदा उघडायला गेलो," ऑरिन म्हणाला. "पाय सटकला. कंबरेचं हाड असणार."

"बोलू नकोस."

"दोन दिवस कुणाशी बोललो नाही. आता बोलू दे." त्याने पाणी गिळलं. "मांजराचं पाणी वाईट नव्हतं." मग एकदम त्याचे डोळे मोठे झाले. "आर्डिस, हे साखळीवर घालू नकोस."

आर्डिसने चमचा वाटीत ठेवला.

"घातलंस?"

"काल."

"आणि परत काय आलं?"

"वारलास," आर्डिस म्हणाली.

ऑरिन हसायला गेला आणि कळ येऊन थांबला. "रडलं का कुणी?"

"लाव्हॉन रडली. हॉटडिश आणलं."

"कसलं?"

"चिकन-भाताचं."

"चाळीस वर्षं सांगतोय त्या बाईला, मला बटाट्याचं आवडतं," ऑरिन म्हणाला. "मेल्यावरसुद्धा ऐकत नाही."

आर्डिस हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षं साठलेलं काहीतरी मधून सरकलं असं तिला वाटलं. आता बोलून टाकावं, जॉयसचं सगळं बोलून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण ऑरिनच पुढे बोलू लागला, वर छताकडे बघत, हळू.

"तू येशील हे मला माहीत होतं," तो म्हणाला. "तू रोज बघतेस. मी पडदा वर करतो, तू कुंडाशी असतेस. आता इतकी वर्षं झाली, तू दिसल्याशिवाय मला कॉफी जात नाही. बोलणं नसलं तरी बघणारं कुणीतरी आहे, एवढं पुरतं म्हाताऱ्या माणसाला. मंगळवारी पडलो तेव्हा घाबरलो नाही. म्हटलं, पडदा खाली आहे, आर्डिसला दिसेल, अर्ध्या तासात येईल ती."

आर्डिसने त्याच्या अंगावरचा कोट सारखा केला.

"तू आली नाहीस. संध्याकाळ झाली, तरी आली नाहीस. तेव्हा मात्र घाबरलो. आर्डिस बघितल्याशिवाय राहणार नाही, आणि बघितलं तर आल्याशिवाय राहणार नाही. म्हणजे तिलाच काहीतरी झालंय. एकटी बाई, घरात कुठेतरी पडली असेल माझ्यासारखी, आणि तिकडे बघणारं कुणी नाही." त्याने जीभ ओठांवरून फिरवली. "मग तुझ्यासाठी प्रार्थना केली. कित्येक वर्षांत केली नव्हती, शब्दच आठवेनात. देवा, आर्डिसकडे कुणालातरी पाठव, एवढंच म्हणत राहिलो. दोन दिवस तेच." त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "बरी आहेस ना? काय होत होतं तुला?"

दूर गावाच्या टोकाला अँब्युलन्सचा भोंगा ऐकू येऊ लागला. आर्डिसला उत्तर शोधायची गरज नव्हती. ताप होता म्हटलं असतं, तर त्याने विश्वास ठेवला असता. त्याचा ठेवायचाच विचार होता.

"मला काही झालं नव्हतं, ऑरिन," ती म्हणाली. "मी पाहिलं होतं."

"काल?"

"मंगळवारी," आर्डिस म्हणाली. "सकाळी पावणेसातला."